दाण्याची हाक

फार फार जुन्या काळी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही तेव्हाचा राजा कोण ते सांगता आलं नसतं अशा काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात घरोघरी टर्की पाळत. टर्की तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. कोंबडीच्या चौपट मोठा पक्षी. अंग काळपट, मान उघडी आणि सुरकुतलेली, गळ्याखाली लोंबणारी लाल कातडी. नराला राग आला की तो शेपटीचा पंखा उभारतो, आणि त्याची निळसर मान लालबुंद होते. दिसायला अगदीच बेढब, पण तोरा असा की गावचा पाटीलही त्याच्यापुढे साधा वाटावा.

हा पक्षी वाढवणं मोठं जिकिरीचं. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की आपलं आपण टिपायला लागतं. टर्कीचं पिल्लू दाण्यांवर उभं राहून उपाशी मरतं. खायचं म्हणजे काय, हेच त्याला कळत नाही. कोणीतरी त्याची चोच पाण्यात बुडवावी लागते, उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात बारीक चिरून बोटाने समोर नाचवावी लागते. ओल लागली तर संपलंच. म्हणून बाया पिल्लांची टोपली चुलीशेजारी ठेवत आणि तान्ह्या मुलासारखी ती सांभाळत. ज्या बाईने पिल्लाला पहिला दाणा दाखवला, तिच्या आवाजामागे ते जन्मभर चालत येई.

गावात एक जुनी रीत होती. दाणे टाकायचे तर मऊ आवाजात हाक मारायची. पक्षी कापायचा तर अंगणात पितळी थाळी बडवायची. दाण्याची हाक सुरीसाठी कधी घालायची नाही. थाळी वाजली की कळप फडफडत चौफेर पळे, पुरुष धोतरं सावरत मागे धावत, आणि जो हाती लागे तो त्या सणाचा. निदान पळून बघायची संधी तरी सगळ्यांना मिळे.

पण धावलेल्या, भेदरलेल्या पक्ष्याचं मांस चिवट होतं. बाया त्याला कच्च्या पपईचा गर चोळून ठेवत, सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटण करत, आणि पहाटे चुलीवर चढवलेलं पातेलं दुपार कलली तरी उतरत नसे. पोरं भाकरी हातात घेऊन चुलीभोवती बसत आणि आयांचं डोकं खात. सासुरवाडीला जायचं तर दात घट्ट हवेत, असं इथले जावई म्हणत. तरीही रीत कोणी मोडली नाही. ती का पाळायची, हे म्हाताऱ्यांनी सांगितलं नव्हतं आणि बाकीच्यांनी विचारलंही नव्हतं.

त्या गावात दुरपदा नावाची एक विधवा आणि तिची एकुलती एक मुलगी येसू राहत होत्या. दुरपदाची जीभ फार वाईट. तिने मुलीला सरळ नावाने हाक मारल्याचं शेजारणींना आठवत नव्हतं. "उठ की मेले, ऊन डोक्यावर आलं," अशी येसूची सकाळ व्हायची, आणि "गिळ आता, का मी भरवू?" असं तिचं जेवण व्हायचं. पण ताटात तूप पडायचं ते येसूच्याच भाकरीवर. दुरपदा स्वतः कोरडी खायची. येसूला हे ठाऊक होतं, त्यामुळे शिव्या तिला कधी लागल्या नाहीत.

येसूचा आवाज मात्र मऊ होता. घरची सगळी पिल्लं तिनेच वाढवलेली. संध्याकाळी ती अंगणात उभी राहून म्हणायची, "ये गं माझी बाय, ये. या रं, बाळांनो या." एवढं म्हटलं की रानात पांगलेला कळप धावत यायचा. त्यात एक मोठा नर होता. लहानपणी पावसात भिजून तो मरायला टेकला होता, तेव्हा येसूने त्याला तीन दिवस पदराखाली धरून ऊब दिली होती. तो आला की तिच्या तळहातावर मान टेकवून उभा राहायचा.

एका वर्षी राजाच्या मुदपाकखान्याचा कारभारी गावात आला. राजा म्हातारा झाला होता, त्याचे दात पडले होते, पण टर्कीच्या रश्श्याची हौस काही सुटत नव्हती. कारभारी घरोघर फिरला. खरेदीत तो मुरलेला होता. पक्ष्याच्या छातीचं हाड दाबून बघायचा, पायाची खवलं नखाने खरवडून वय सांगायचा. दुरपदाच्या अंगणात येसूच्या हातावर मान टेकवून उभा असलेला तो नर त्याने पाहिला आणि तिथेच थांबला.

"पक्षी उत्तम आहे," तो दुरपदाला म्हणाला. "पण थाळी बडवून पळवलास तर याचंही मांस चामड्यासारखं होईल. असाच उभा असताना काप. याला कळायच्या आत."

"आमच्यात तसं करत न्हाईत, कारभारी. दाण्याची हाक सुरीला घालत न्हाईत."

"कोण बघायला येणार आहे? पक्षी तर सांगायला येणार नाही." कारभाऱ्याने झोपडीच्या गळक्या छपराकडे नजर टाकली. "महाराजांना घास आवडला, तर त्यांच्या ताटाची टर्की कायम याच घरची. मग हे गवताचं छप्पर राहणार नाही."

दुरपदा दिवसभर गप्प होती. तिच्यासारखी बाई दिवसभर गप्प राहिली, यावरूनच येसूला काहीतरी कळायला हवं होतं. पण शहाणपण आपल्याला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं.

सकाळी दुरपदाने स्वतः हाक मारून बघितली. एकही पक्षी जवळ आला नाही. तिच्या आवाजाला ते शिव्यांचा आवाज म्हणून ओळखत होते. मग ती येसूकडे आली, आणि जन्मात पहिल्यांदा गोड बोलली.

"ये गं माझी बाय. तुझ्या त्या लाडक्याला बोलव की. आज त्याला मूठभर मका देऊ."

येसूला इतका आनंद झाला की तिला काही विचारायचं सुचलंच नाही. तिने हाक मारली. नर धावत आला, त्याने तिच्या हातातला मका टिपला आणि मान तिच्या तळहातावर ठेवून डोळे मिटले. दुरपदाने पदराआडून सुरी काढली.

येसूच्या हातात मान तशीच होती, आणि तो हात लाल झाला होता.

मांस लोण्यासारखं शिजलं. पपई लागली नाही, दुपारपर्यंत थांबावं लागलं नाही. बिनदाताच्या राजाने तीनदा वाढून घेतलं आणि शेवटी बोटं चाटली.

येसू दोन दिवस जेवली नाही. दुरपदाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "एकदाच, लेकी. पुन्हा न्हाई मागणार," ती म्हणाली. हेही ती गोड आवाजातच म्हणाली. येसूने विश्वास ठेवला. आईवर नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?

महिना गेला, आणि राजवाड्यात मेजवानी ठरली. एका दुपारी दुरपदा धापा टाकत रानात आली. "येसू, माझे बाय, घारींचा थवा उतरलाय माळावर. पिल्लं उचलतील. हाक मार आणि सगळ्यांना खुराड्यात घे, लवकर."

येसूने अंगणात धावत येऊन जीव तोडून हाक मारली. कळप आला, पिल्लांसकट खुराड्यात शिरला. मागून दार लागलं. आत कारभाऱ्याची माणसं बसली होती. आभाळात एकही घार नव्हती.

त्या दिवशी एक म्हातारी मादी तेवढी कुंपणावरून निसटली. त्या काळी जनावरं बोलत असत, पण उगाच तोंड वाजवत नसत. ती बाभळीच्या फांदीवर बसून येसूला म्हणाली, "थाळीचा आम्हाला राग नव्हता. थाळी वाजली की पळायचं, हे आमच्या पिल्लांना कळत होतं. आता तू हाक मारलीस तर आम्ही काय करायचं, सांग."

म्हातारी रानात गेली, ती परत आली नाही.

दुरपदाचं बघून गावाने थाळ्या माळ्यावर टाकल्या. सकाळी लवकर उठायला नको, पपई शोधायला नको. जी ती बाई मऊ आवाजात हाक मारू लागली आणि पदराआड सुरी धरू लागली. सणाला सगळ्यांच्या ताटात मऊ मांस पडलं. जावयांची तोंडं बंद झाली. वर्षभर चैन चालली.

मग पक्षी हाकेला येईनासे झाले. पुढे तर हाक ऐकली की पळू लागले. माद्यांनी अंगणातली अंडी सोडून रानात घरटी केली आणि पिल्लं घेऊन डोंगर चढल्या. बाया संध्याकाळी दाण्याची सुपं घेऊन कुंपणाशी उभ्या राहत, घसा बसेपर्यंत हाका मारत, आणि दाणे चिमण्या खाऊन जात.

राजाचं ताट रिकामं पडलं, तसा कारभारी पुन्हा आला. राजवाड्यात त्याने दूरदेशाहून टर्कीची अंडी आणवली होती, कोंबड्यांखाली उबवायला ठेवली होती. "चार दिवसांत पिल्लं बाहेर येतील," तो दुरपदाला म्हणाला. "त्यांना खायला शिकवणारं कोणी नाही. तुझी मुलगी पाठव. तिच्या हाताची पिल्लं तिच्याच हाकेला येतील."

"ती यायची न्हाई. खुराड्याच्या दिवसापासून तिनं हाक मारणंच सोडलंय."

"ती येईल कशी, ते तुला माहीत," कारभारी म्हणाला.

आता दुरपदाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. राजवाड्यात मुलीला दोन वेळा पोटभर मिळेल, अंगावर धडकं लुगडं येईल, असं तिला मनापासून वाटलं. आपल्या छपरावर कौलं चढतील, असंही वाटलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मुलीला समोर बसवून हे सांगायचं धाडस तिला झालं नाही. गोड बोलणं सोपं झालं होतं.

"ये गं माझी बाय," ती म्हणाली. "किती दिवस झाले, हसली न्हाईस. मामाच्या गावी जत्रा आहे, चल जाऊन येऊ."

येसूने वेणी घातली आणि गाडीत बसली. मामाच्या गावाचा फाटा मागे पडला, तेव्हा तिने आईकडे पाहिलं. दुरपदा दुसरीकडे बघत होती. गाडी राजवाड्याच्या मागच्या दाराशी थांबली. येसू उतरून आत गेली, दार लागलं, आणि या वेळीही ते बाहेरूनच लागलं.

"पौर्णिमेला येते गं बघायला," दुरपदा दाराबाहेरून म्हणाली. पौर्णिमा आली तेव्हा तिच्या घरावर कौलं चढत होती. गवंड्यांना सोडून जाता येईना. मग पुढची पौर्णिमा आली, आणि तोवर मुलीपुढे उभं राहायची तिला लाज वाटू लागली होती. लाज वाटली म्हणून माणसं जायची थांबतात, आणि न गेल्याची आणखी लाज वाटते. तसंच झालं.

येसूने पिल्लांना दाणे टिपायला शिकवलं, कारण पिल्लं उपाशी होती. पिल्लं मोठी झाली, आणि एके सकाळी आचारी सुऱ्या घेऊन आले. "हाक मार," कारभारी म्हणाला. येसूने मुदपाकखान्यातली सगळ्यात मोठी परात उचलली आणि पळीने ती बडवायला सुरुवात केली. कळप बागेत, सज्जात, दरबाराच्या पायऱ्यांवर पांगला. आचाऱ्यांनी धावून धावून दोन पक्षी धरले. राजा एक घास घोळवत बसला आणि शेवटी त्याने तो ताटाबाहेर काढून ठेवला.

"हे काय केलंस?" कारभारी ओरडला.

"चिवट मांस शिजवता येतं," येसू म्हणाली. "पहाटे उठावं लागतं, एवढंच."

तिला नेसत्या वस्त्रानिशी हाकलून दिलं. ती घराकडे वळली नाही. नदी ओलांडून पलीकडच्या मुलखात गेली. तिथे टोपल्या विणणारा एक बुरूड होता, त्याच्याशी तिने लग्न केलं. त्याच्या अंगणात तिने पुन्हा टर्की पाळल्या, आणि खुंटीला एक थाळी टांगून ठेवली.

वर्षं गेली. दुरपदा म्हातारी झाली आणि अंथरुणाला खिळली. वर पक्की कौलं, एक थेंब गळत नव्हता. अंगणात एक पीस नव्हतं. शेजारची हौसाबाई तिला दोन वेळा पेज पाजायची. एक दिवस दुरपदाने तिचा हात धरला.

"हौसे, मी जाणार आता. नदीपलीकडं जा. येसूला म्हणावं, ये गं माझी बाय, एकदा तुझं तोंड दाखव. माझं चुकलं म्हणावं." हे बोलताना ती रडत होती. तिला काही नको होतं. कारभारी कधीच मेला होता, राजाही मेला होता. तिला फक्त मुलगी बघायची होती.

हौसाबाई दोन दिवस चालून येसूच्या दारी पोचली. आई अंथरुणावर आहे हे ऐकताच येसूने हातातलं सूप खाली ठेवलं. गाठोडं काढलं, त्यात लुगडं घातलं, वाटेसाठी भाकरी बांधली. मग तिने विचारलं, "मावशे, आई काय म्हणाली? जसं म्हणाली तसं सांग."

"म्हणाली, ये गं माझी बाय, एकदा तुझं तोंड दाखव."

येसूचे हात थांबले. "अशीच म्हणाली? एवढी गोड?"

"अगं, लोण्यावानी गोड. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं न्हाई."

"मी ऐकलंय," येसू म्हणाली. "तीनदा." तिने गाठोड्याची गाठ सोडली, लुगडं परत खुंटीवर ठेवलं. "मी येत न्हाई, मावशे. तिनं एक शिवी दिली असती तर अशी उठून आले असते."

हौसाबाईने शपथा घेतल्या, हात जोडले. येसू रडत होती, पण उंबरा ओलांडत नव्हती. आईची भेट तिला हवी होती. आईच्या त्या आवाजाची मात्र तिला सुरीसारखी भीती बसली होती.

हौसाबाई पुन्हा दोन दिवस चालून परतली आणि घडलं ते तिने सांगितलं. दुरपदाने कौलांकडे पाहिलं. मग तिने श्वास गोळा केला.

"जा परत," ती म्हणाली. "त्या मेलीला सांग, आई मरायला टेकली आणि हिला नखरे सुचतात. ये म्हणावं लवकर, भवाने. किती वाट बघू?"

हौसाबाई चपला घालायला दाराशी गेली आणि मागे वळली, तोवर दुरपदाचा श्वास थांबला होता.

गावाने तिला पोचवलं. हौसाबाई तिसऱ्या दिवशी तरीही निघाली, कारण मरणाऱ्याचा निरोप पोचवायचा असतो. येसू अंगणात दाणे टाकत होती. हौसाबाईला दुरपदा गेल्याचं आधी सांगवेना. तिने निरोपच सांगितला, दुरपदाच्या शब्दांत, एकही शिवी न गाळता.

येसूने सूप टाकलं आणि ती धावत सुटली. पायात काही नव्हतं, डोक्यावर पदर नव्हता. हौसाबाई मागून हाका मारत होती, "येसू, थांब. अगं, आता तिथं कोणी न्हाई." येसू नदीच्या वाटेला लागली होती. तिला ते ऐकू आलं नाही.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: मायेच्या शब्दांनी जो घात करतो, त्याची माया खरी असते त्या दिवशी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.